शिफ्ट किती जणांची

गाडीला चाकं अठ्ठावीस, पाठीवर शंभर टनांची थाळी,
वेग असा की रस्त्यावरचा कोल्हा
थांबून बघतो, कंटाळतो,
आणि आमच्या पुढं चालत निघून जातो.
पाच हजार मीटर उंचीवर, नाकात प्राणवायूची नळी घालून
मी थाळ्या हलवतो.
आकाशाशी माझा संबंध तेवढाच.

या महिन्यात सगळ्या थाळ्या लांब लांब न्यायच्यात.
म्हटलं, जवळ होत्या तेव्हा दिसत नव्हतं का?
रायेन हसली. दक्षिणेची पोर, वाल्दिव्हियाच्या पावसातली,
इथल्या कोरड्या हवेत तिचे ओठ कायम फुटलेले.
म्हणाली, एव्हारिस्तो,
या जितक्या एकमेकींपासून दूर, नजर तितकी बारीक.
मला बहीण आठवली, स्वीडनला गेलेली.
ती गेल्यावरच तिचं तोंड मला नीट दिसलं होतं.

रात्री तिनं पडद्यावर एक डाग दाखवला,
भाकरी मधोमध करपते तसा.
एका दीर्घिकेचं पोट. तारे तिथं घडतात.
आपली अख्खी आकाशगंगा हातपाय पसरून
वर्षाकाठी एक-दोन सूर्य कसेबसे घडवते,
आणि हे चिमूटभर पोट एकटं तेवढेच,
कदाचित जास्तच.
चहूकडचा वायू घरंगळत आत येतो.
गर्दी, रेटा, मग पेट.

आणि मग?

मग तेच तारे फुंकर मारतात, काही फुटतात.
एक तारा घडेपर्यंत
तीन ताऱ्यांचं पीठ उडून जातं
वर आणि खाली, धुरांड्यातून जावं तसं.
फार दिवस नाही चालायचं हे, ती म्हणाली.
तिचे फार दिवस म्हणजे काही कोटी वर्षं.

मी गप्प. ते गाव मला माहीत होतं.

तांब्याच्या खाणीच्या काठावर होतं आमचं.
तीन पाळ्या, रात्रीही विझत नसलेले दिवे,
सिनेमाघर, रविवारी पटांगणात बँड,
बाप भट्टीवर. घरी आला की शर्टाला गंधकाचा वास,
तो शर्ट आम्हा भावंडांच्या कपड्यांत धुवायचा नाही.
खाण वाढली. तांबं बाहेर, माती बाजूला,
आणि बाजूला म्हणजे गावाकडे.
आधी इस्पितळ गेलं मातीखाली, जिथं मी जन्मलो.
कुंपणानं शेत खावं, तसं गावानंच गाव खाल्लं.
मग कालामात आम्हाला घरं मिळाली,
सगळी सारखी, नळसुद्धा एकाच बाजूनं गळणारे.

आई मात्र खाणीतली नव्हे. वरच्या ओढ्याकाठची, लामा राखणाऱ्यांतली.
तिच्या माणसांनी काळोखालाही नावं दिलेली.
रायेनला बाहेर नेलं. थंडीनं बोट वळेना, तरी दाखवलं:
ती बघ लामा, ती मान, पोटाखाली पिल्लू.
दोन तारे तेवढे डोळे, बाकी सगळा अंधार.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, तो अंधार म्हणजे धूळ आणि गार वायू.
अजून न घडलेले तारे.
म्हणजे गाभण आहे, मी म्हटलं.
हो. पण सावकाश विणारी.

रविवारी बापाकडे गेलो.
त्याच्याही नाकात नळी. एका घरात दोन नळीवाले,
माझी पगारी, त्याची पगारानं दिलेली.
सगळं सांगितलं, पीठ, फुंकर, करपलेलं पोट,
आणि तो उजेड तिथून निघाल्याला कोटीहून जास्त वर्षं झाली, तेही.
डोळे मिटून ऐकत होता. झोपला असं वाटलं.

शिफ्ट किती जणांची?

माणसं नाहीत हो तिथं. नुसता वायू.

मग संप कोण करणार, म्हणाला,
आणि कूस बदलली, भिंतीकडे,
जिच्यापलीकडे, वाऱ्याच्या दिशेला, गाव होतं.

सोमवारी पहाटे पुन्हा चढण. सहावी थाळी.
कोल्हा होता.